बंडीतली वजनं

बाबांची बंडी धुण्याच्या दगडावर आपटायला मी हात वर केला, आणि तिच्या आतल्या खिशातून किलोचं लोखंडी वजन निसटून थेट माझ्या पायाच्या अंगठ्यावर आलं. मी अशी काही ओरडले की पलीकडच्या गोठ्यातली म्हैस दावं ताणून उभी राहिली.

“काय झालं गं?” सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“काही नाही आई, पाय घसरला!” मी ते वजन घाईघाईनं पदराखाली घेतलं. अंगठा काळानिळा पडला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण दुखण्यापेक्षा मला आश्चर्यच जास्त वाटत होतं. कारण आदल्याच दिवशी हीच बंडी घालून बाबा काट्यावर उभे राहिले होते आणि त्यांचं वजन तसूभरही कमी झालेलं नव्हतं.

बाबा म्हणजे माझे सासरे, मोतीराम फिरके. आता त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली, पण तापीकाठच्या आमच्या गावात ‘काटेवाले भाऊ’ म्हटलं की अजून लोक आमचं घर दाखवतात. केळीच्या सोसायटीत त्यांनी उभा जन्म काटा सांभाळला. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी आणि मध्ये हे. दांडी समान झाली की खणखणीत आवाजात “बरोब्बर!” म्हणायचे, आणि ते म्हणाले की मग कोणी तोंड उघडायचं नाही. एकदा त्यांच्या सख्ख्या मेव्हण्यानं आपली केळी तोलताना काट्याच्या फळीवर हळूच पाय टेकवला. बाबांनी भर सोसायटीत खाली वाकून तो पाय दोन्ही हातांनी उचलला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, “पाहुणे, पाय केळीत धरत नाहीत.” मेव्हणे हसले बिचारे, पण रुखमाआत्या, म्हणजे बाबांची बहीण आणि या मेव्हण्यांची बायको, ते कधीच विसरल्या नाहीत.

निवृत्त झाल्यावर बाबांनी आपली जुनी लोखंडी वजनं घरी आणली. ओसरीवरच्या फळीवर ती लहान-मोठी अशी ओळीनं मांडलेली असायची. दसऱ्याला बाबा ती चिंचेनं घासून लख्ख करायचे, हळदकुंकू वाहायचे. त्या ओळीला आम्ही कोणी हात लावत नसू.

मग त्यांना कंपवात झाला. आधी उजव्या हाताची बोटं आपली आपणच हलायला लागली, माळ ओढत असल्यासारखी. मग चालणं आखडलं, चेहरा थिजला, बोलणं बारीक झालं. जळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, “यांच्या वजनावर लक्ष ठेवा. या आजारात माणूस झरतो.” दवाखान्यात बंडी काढून बाबांना एका चपट्या डब्यावर उभं करायचे. डब्याचा काटा दर खेपेला मागे यायचा. बाबा बाहेर आले की म्हणायचे, “पायाखालच्या डब्यानं कधी वजन कळतं होय? चला सोसायटीत.” मग सोसायटीच्या मोठ्या काट्यावर बाबा उभे राहायचे, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला यादवभाऊ दांडी बघायचा, आणि वजन निघायचं होतं तेवढंच. आम्ही काय ठरवलं असेल? डॉक्टरांचं मशीन बिघडलंय! दुसऱ्या कोणत्या घरानं सोसायटीच्या काट्यासाठी दवाखाना खोटा पाडला नसता, पण आमच्या घरात बाबांचा काटा चुकतो असं म्हणणं म्हणजे सूर्य मावळतीला उगवतो म्हणण्यासारखं होतं.

आणि मला तर तो काटा खरा हवाच होता. कारण सांगते. त्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात, बायकांच्या घोळक्यात, रुखमाआत्यांनी मला सगळ्यांसमोर धरलं.

“काय वं हेमा, माझ्या भावाचं काय करून टाकलं? गालफडं बसली त्याची. घरात दुभती म्हैस, दारात केळीचा मळा, अन् म्हातारा उपाशी!”

“आजारी आहेत ते, आत्याबाई.”

“आजारी तर सगळेच पडतात. खायला घालणारं पाहिजे ना.”

कोणी पदर सारखा करायला लागली, कोणी मुलाचं नाक पुसायला. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी म्हटलं, “सोसायटीच्या काट्यावर चला आत्याबाई. बाबांचं वजन कमी भरलं तर माझं नाव बदला!” तेव्हापासून त्या काट्याच्या भरवशावर मी गावात मान वर करून फिरत होते. आणि आता पदराखाली ते वजन घेऊन, सुजलेला अंगठा धरून, मी धुण्याच्या दगडावर बसले होते.

दुपारी सासूबाई आडव्या झाल्या तेव्हा मी ओट्यावर गेले. बाबा खुर्चीत बसले होते. ते वजन मी त्यांच्यापुढं ठेवलं.

“हे तुमचं माझ्याकडं राहिलं, बाबा.”

त्यांनी बघितलं. उजवा हात जोरात हलायला लागला तसा तो त्यांनी डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला.

“पायावर पडलं का?”

“पडलं.”

“फार लागलं?”

“अंगठ्याचं जाऊ द्या. एकच होतं, का आणखी होती?”

मग बारीक आवाजात म्हणाले, “पहिल्यांदा अर्ध्या किलोचं पुरलं. पुढं वाढवत न्यावं लागलं. बाकीची काढून जागेवर ठेवली, हे एक विसरलो. डोकंही चालत नाही पहिल्यासारखं.”

“अहो पण का? सख्ख्या मेव्हण्याचा पाय उचलून ठेवणारा माणूस तुम्ही!”

“रुखमी तुला काय बोलली ते मला कळलं होतं. तू माझ्या काट्याच्या जिवावर बोललीस. काट्यानं कमी दाखवलं असतं तर तू खोटी पडली असतीस.”

मला रडूही आलं आणि रागही आला. रागच जास्त. आयुष्यभर ज्या हातानं कधी पाव किलो इकडचं तिकडं केलं नाही, तो हात थरथरत बंडीत लोखंड भरत होता, आणि तेही माझ्यासाठी.

“मग जेवण जातंय कुठं बाबा? मी वाढते, तुमचं ताट रोज लख्ख असतं.”

“जेवतो की.”

“खरं सांगा.”

त्यांनी मान फिरवली आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीकडं बघत राहिले. त्यांच्याकडून आणखी काही निघणार नाही हे मला कळून चुकलं. ठीक आहे म्हटलं, तुम्ही सांगू नका, मी बघते.

आमच्या घरात सकाळचं जेवण सगळ्यांचं एकत्र व्हायचं. बाबांच्या वडिलांपासूनची पद्धत होती ती: घरातलं एकही माणूस जेवत असताना बाकीच्यांनी उठायचं नाही, आणि घरातल्या मोठ्या माणसानं हात धुतल्याशिवाय कोणी हात धुवायचा नाही. माझं नवीन लग्न झालेलं असताना माझा भाऊ मला न्यायला आला होता. त्याला काय माहीत, जेवण झालं तसा उठला. बाबांनी त्याला पुन्हा पाटावर बसवलं, “पाहुणे, आमची मंडळी जेवताहेत,” म्हणाले, आणि पंगत उठेपर्यंत त्याला लाडू वाढत राहिले. त्यानंतर तो आमच्याकडं जेवायला बसला की आधी चारी बाजूंना बघून घेतो. मी आणि सासूबाई मात्र वाढणाऱ्या. आमचं जेवण मागून, चुलीपाशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाढलं, पण लक्ष ताटाकडं ठेवलं नाही, बाबांच्या तोंडाकडं ठेवलं. माझे यजमान युवराज वीजकेंद्रात कामाला. त्यांची बस कोपऱ्यावर यायची. माझी मुलगी केतकी शाळेला जायची. दोघांचे हात भराभर चालले होते. बाबा “पुरे, पुरे” म्हणत अर्धीच भाकरी घेऊन बसले. घास वरणात बुडवला, तो तोंडापर्यंत जाता जाता निम्मा सांडला. चावायलाही त्यांना वेळ लागत होता. आणि प्रत्येक घासानंतर ते वर बघत होते. कुठं? तर मुलाच्या ताटात! युवराजचा शेवटचा घास उरला, कोपऱ्यावर बसचा भोंगा वाजला, आणि बाबांनी पेल्यातल्या पाण्यानं ताटात हात धुतला.

“झालं माझं.”

लगेच युवराज उठले, केतकी उठली, चपला घालून दोघं पसार. बाबांचं ताट लख्ख होतं, कारण त्यांनी घेतलंच तेवढं होतं. ते रोज असंच उठत होते आणि मी रोज ते ताट उचलून नेत होते. मुलाची बस चुकू नये, नातीला शाळेत छडी बसू नये, आणि घरची पद्धतही मोडू नये, म्हणून माझा सासरा महिनोन् महिने अर्धपोटी उठत होता. मी तिथंच भाकरीची टोपली धरून उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, “आता काय भूत पाहिलंस का?”

त्या आठवड्यात सासूबाईंसोबत दवाखान्यात जाऊन मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, वजनांसकट. डॉक्टर आधी हसले, मग चष्मा काढून ठेवला.

“म्हणजे आमचा डबा खरा होता तर.”

“होय साहेब.”

“हे बघा. यांचा हात दिवसभर हलतो, अंग आखडलेलं असतं. त्यातच त्यांची शक्ती जळते. वास येत नाही म्हणून अन्नाची गोडी गेलेली. चावणं, गिळणं, सगळं सावकाश. यांना तुमच्यापेक्षा जास्त खायला पाहिजे आणि खायला वेळही जास्त पाहिजे. गोळी कशी देता?”

सासूबाई अभिमानानं म्हणाल्या, “रिकाम्या पोटी कधीच देत नाही! जेवण झालं की पेलाभर घट्ट दुधाबरोबर देते.”

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला नाही एवढंच. “दुधानं या गोळीचं काम अडतं, आजी. गोळी जेवणाच्या बऱ्याच आधी, नुसत्या पाण्याबरोबर द्या. म्हणजे जेवताना हात थोडा ऐकेल. दूध मागून द्या, भरपूर द्या.”

“अगं बाई! एवढं म्हशीचं दूध मी त्यांच्याच वाईटावर ओतलं म्हणायचं!” सासूबाई बसमध्ये घरापर्यंत हेच म्हणत आल्या.

गोळीचं झालं, पण वेळेचं काय? हे सगळं ऐकून आमच्या युवराजनी मोठ्या मायेनं घोटाळा करून ठेवला. दुसऱ्या सकाळी पाटावर बसताच म्हणाले, “बाबा, आजपासून तुम्ही सावकाश जेवत जा. आम्ही आमचे उठत जाऊ. पद्धतीचं काही मनावर घेऊ नका.”

बाबांचा चेहरा आजारानं आधीच थिजलेला, त्यावर काही दिसलं नाही. पण त्यांनी भाकरी परत टोपलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी जेवायलाच आले नाहीत. “भूक नाही,” म्हणाले. सगळे निघून गेलेत आणि आपण एकटे लहान मुलासारखे अन्न चिवडत बसलोय, समोर सून उभी राहून बघतेय, हे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं. मला ते समजत होतं. माझ्यावर तशी वेळ आली असती तर मीही उपाशीच राहिले असते.

मग मला ते सुचलं. आजही सांगताना मला माझंच कौतुक वाटतं, वाटू दे.

तिसऱ्या दिवशी बाबांना मी केतकीकरवी हात धरून बसवलं. सगळ्यांना वाढलं. जेवणं अर्ध्यावर आली, तसा एक पाट ओढला, माझं ताट घेतलं आणि बाबांच्या अगदी समोर बसले. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून सासऱ्यासमोर पाटावर बसून मी कधी जेवले नव्हते. सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. युवराज खोकले. मी भाकरी कुस्करायला घेतली.

बसचा भोंगा वाजला. बाबांचा हात पेल्याकडं गेला. “झालं मा...”

“बाबा,” मी म्हटलं, “मी आत्ताच बसलेय. घरचं माणूस जेवत असताना उठायचं नाही, हे माझ्या भावाला कोणी शिकवलं होतं?”

बाबा माझ्याकडं बघत राहिले. सगळं त्यांच्या ध्यानात आलं होतं, ते काय खुळे होते थोडेच. मग त्यांनी पेला हळूच बाजूला सरकवला आणि मुलाला म्हणाले, “युवराज, तुम्हाला बाहेरची कामं आहेत. तुम्हाला माझी परवानगी आहे, उठा. केतकी, तूही ऊठ. हेमा जेवतेय, मी बसतो.”

घरातल्या मोठ्या माणसानं परवानगी दिली म्हटल्यावर पद्धतही राहिली आणि बसही मिळाली. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी त्यांच्या हाताकडं बघत नव्हते, गावातल्या भानगडी सांगत होते. कोणाचं पाणी कोणी तोडलं, कोणाच्या लेकीनं कोणाला नाही म्हटलं. बाबा ऐकता ऐकता एकेक घास खात होते. मध्येच त्यांनी टोपलीकडं बघितलं आणि म्हणाले, “अर्धी दे. अन् लोणी दे वर.” ते ऐकून सासूबाई आत जाऊन डोळे पुसून आल्या.

त्यानंतर रोज तेच. मी अर्ध्यावर बसायची आणि गायीसारखी रवंथ करायची. ते एक घास घेणार, मी एक घास घेणार. ते थांबले की मी आणखी थोडं वाढून घेणार. त्यांचं वजन वाढायच्या आधी माझंच वाढलं! सगळ्या चोळ्यांच्या शिवणी उसवून घ्याव्या लागल्या. शिंपीणबाईंनी विचारलं, “काही गोड बातमी?” मी म्हटलं, “आहे, पण तुम्ही समजताय ती नाही.”

आणि त्याच सुमारास रुखमाआत्यांच्या नातवाचं जावळ निघालं. नदीपलीकडं त्यांचं गाव, सगळी भाऊबंदकी येणार, वरण-बट्टीची पंगत. बाबा जायला तयार होईनात.

“चारचौघांत वरण सांडायचं. नको.”

“सांडलं तर सांडलं. पान धुवायचं नसतं, गायीला जातं.”

“रुखमी बोलेल तुला.”

“बोलू द्या. त्यांचं देणं मला द्यायचंच आहे.”

तिथं पोचलो तर मांडव माणसांनी फुललेला. केळीची पानं मांडून पुरुषांची पहिली पंगत बसली. बाबा नात्यातले सगळ्यांत वडील, म्हणून पहिल्या पानावर त्यांना बसवलं, शेजारी आमच्या गावचा यादवभाऊ. मी तूप वाढायला होते. वाढणाऱ्या बायकांनी आधी खाऊन घ्यावं म्हणून मी आत बसून दोन बट्ट्या, वांग्याची घोटलेली भाजी आणि वर वाटीभर वरण असं पोट तुडुंब भरून घेतलं होतं. हे लक्षात ठेवा.

गोळी वेळेवर घेतलेली होती, तरी बाबांचा हात गर्दीत जास्तच हलत होता. बट्टी कुस्करताना तुकडे पानाबाहेर जात होते. वरणाचा एक ओघळ सदऱ्यावर आला, तो त्यांनी उपरण्याखाली झाकला. बाकीच्यांची जेवणं उरकत आली. पंगतीच्या मागं दुसऱ्या पंगतीची माणसं उभी राहिली होती, प्रत्येक पानामागं एकेक, कोण कधी उठतो याची वाट बघत. बाबांच्या पानावर निम्मी बट्टी तशीच होती. दारातून आत्यांचा आवाज आला, “आटपा रे, दुसरी पंगत खोळंबलीय!”

बाबांनी माझ्याकडं बघितलं नाही. मान खाली घालून त्यांनी पाण्याच्या पेल्याकडं हात नेला.

मी तुपाचं भांडं खाली ठेवलं, कोपऱ्यातलं एक पान ओढलं आणि भर मांडवात, पुरुषांच्या पंगतीत, बाबांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले.

“मला वाढा. भूक लागलीय.”

कोणी तरी हसलं, मग तेही थांबलं. आत्या दारातून तरातरा आल्या. “अवं ए हेमा! डोकं फिरलं का तुझं? बायकांची पंगत मागून आहे. पुरुषांत बसतीस, काही रीतभात? माझ्या दारात लाज आणतीस?”

माझा जीव नुसता त्या पेल्यात अडकला होता. बाबांची बोटं त्यावर टेकली होती आणि पेला पानाशेजारी टकटक वाजत होता. त्यांनी तो उचलून पानावर हात धुतला असता तर सगळं संपलं होतं. घरी इतके दिवस जमवलेलं, आत्यांपुढचं माझं तोंड, सगळंच.

बाबांनी पेला उचलला आणि लांब, पानापलीकडं नेऊन ठेवला.

“रुखमे,” ते म्हणाले. आजार झाल्यापासून इतका मोठा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. “वाढ तिला.”

“दादा, अरे दुसरी पंगत उभी आहे.”

“उभी राहू दे. माझी सून जेवायला बसलीय. ती जेवेपर्यंत मी उठत नसतो, अन् मी उठेपर्यंत पंगत उठत नाही. रोजची पद्धत आहे आमची. रोज माझ्यासमोर बसते, तवा माझ्या पोटात अन्न जातं.”

बाबा थांबले, श्वास घेतला आणि यादवभाऊकडं वळले.

“अन् यादव, तूही ऐक. सोसायटीत माझं जे वजन निघत होतं ते खोटं होतं. काटा खरा, मी खोटा. बंडीत लोखंड घालून उभा राहत होतो. माझं वजन घटलंय. रोगानं घटलंय, हिच्या हातानं नाही. हिच्या हातानं जे टिकलंय तेवढंच तुमच्यासमोर बसलंय.”

यादवभाऊनं उठण्यासाठी पान दुमडायला घेतलं होतं. त्यानं ते पुन्हा उलगडलं, हातानं सपाट केलं आणि म्हणाला, “मलाही अर्धी बट्टी वाढा बरं.” पलीकडचा म्हणाला, “इकडंही वरण येऊ द्या.” मग ओळीनं सगळ्यांनी पानं सारखी केली. मागं उभी असलेली माणसंही खाली टेकली, कोणी बिडी काढली, कोणी पोरांना मांडीवर घेतलं.

रुखमाआत्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग आत गेल्या, स्वतः बट्टीचं टोपलं घेऊन आल्या आणि माझ्या पानावर दोन मोठ्या बट्ट्या ठेवल्या. तुपाचं भांडं उचललं, भावाच्या पानावरच्या बट्टीवर धार धरली, आणि ती धार काही थांबेना. तूप पानाबाहेर चाललं तेव्हा बाबाच म्हणाले, “पुरे गं, पोहायचं नाही मला.” तेव्हा आत्या हसल्या आणि तशाच हसता हसता रडल्या.

बाबा जेवले. सगळ्या भाऊबंदांसमोर, थरथरत्या हातानं, सावकाश. वरण सदऱ्यावर सांडलं ते त्यांनी झाकलं नाही. उपरणं काढून त्यांनी बाजूला ठेवलं होतं. आणि मी? पोटात आधीच्या दोन बट्ट्या, पानावर नव्या दोन, आणि माझी मान अशी ताठ, जसं काही मीच सोसायटीची चेअरमन! घास घशाशी येत होता, पण देवाशपथ सांगते, त्या दिवशीच्या अन्नाइतकं गोड मला कधी काही लागलेलं नाही.

त्यांच्या पानावरचा शेवटचा तुकडा संपला. त्यांनी माझ्या पानाकडं बघितलं. थोडं राहिलं होतं.

“होऊ दे सावकाश,” ते म्हणाले, “मी बसलोय.”

मी तो शेवटचा घास कसा गिळला ते माझं मलाच माहीत. मग बाबांनी पेला जवळ ओढला, पाण्यानं हात धुतला, पंगतीवरून एकदा नजर फिरवली आणि सोसायटीतल्या त्या जुन्या खणखणीत आवाजात म्हणाले, “बरोब्बर! उठा आता.”

सगळी पंगत एकदम उठली. मला मात्र उठता येईना, तेव्हा आत्यांनीच दोन्ही हात धरून वर ओढलं.